परसांतील पालेभाजी : वाफ्यापासून पानापर्यंत

ज्याच्या शेतांत ऊंस डोलतो, त्याच्या घरीं आठवड्याच्या बाजारांतून आणलेली सुकट मेथी शिजावी, हें शेतकऱ्यास भूषणावह नव्हे. पालेभाजी खुडतांच तिचा कस उतरूं लागतो; विशेषतः ‘क’ जीवनसत्त्व फार लवकर नाश पावतें. वाफा चुलीजवळ असल्यास हा तोटा पुष्कळ टळतो. यास्तव लागवड व रांधणें या दोहोंचा विचार आम्ही येथें एकत्रच करीत आहों.

सहा फूट लांब व तीन फूट रुंद अशा चार वाफ्यांनीं आरंभ करावा. रुंदी याहून अधिक नसावी, म्हणजे आंत पाय न देतां खुरपतां येतें. चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. सर्व वाफे एकाच दिवशीं पेरूं नयेत. मेथी सुमारें 25 ते 30 दिवसांत निघते. सगळी एकदम तयार झाल्यास अर्धी गुरांपुढें जाते व पुढें महिनाभर पुनः बाजार गांठावा लागतो. दर आठवड्यास एकच वाफा पेरावा. चौथा पेरून होतो तों पहिला काढणीस येतो. धने रगडून, दोन फांकी करून पेरावे. पालक उपटूं नये. पानें कापल्यास तो पुनः फुटतो. उन्हाळ्यांत मेथीऐवजीं राजगिरा व माठ घ्यावा. मोरीचें पाणी केळीस द्यावें, पालेभाजीस नव्हे. शेतांतील पिकांवर फवारावयाचें विषारी औषध या वाफ्यांवर कदापि मारूं नये. मावा पडलेलीं पानें खुडून नष्ट करावीं.

आतां चुलीकडे वळूं. भाजी आधीं धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास पाण्यांत विरघळणारीं जीवनसत्त्वें वाहून जातात. ताजा पाला बहुधा अंगच्या पाण्यांतच शिजतो. हिरवा रंग राखण्यासाठीं सोडा घालूं नये. त्यानें ‘ब’ व ‘क’ जीवनसत्त्वांची हानि होते. तेलाची फोडणी मात्र चैन नव्हे. पानांतील ज्या द्रव्यापासून शरीरांत ‘अ’ जीवनसत्त्व बनतें, तें अंगीं लागण्यास स्निग्ध पदार्थ लागतो; आणि या जीवनसत्त्वाच्या अभावीं मुलांस रातांधळेपणा येतो. मीठ पाला आळल्यावर घालावें. भाजी उतरल्यावर लिंबू पिळावें. त्यायोगें पानांतील लोह अधिक प्रमाणांत अंगीं लागतें. अळू मात्र चिंच घालून पुरतें शिजवावें. कच्चें राहिल्यास घशास खाजतें.

भाजी थोडी असली म्हणजे ती पुरुषांच्या पानांत पडते व बायका चटणीशीं भाकर खाऊन उठतात, हें आमच्या वाचकांनीं अनेक घरीं पाहिलें असेल. लोहाची गरज गरोदर स्त्रीस सर्वांत अधिक, आणि तिच्याच वांट्यास तें कमी येतें. चार वाफ्यांचें उत्पन्न रुपयांत मांडल्यास थोडें भरेल. परंतु घरांत मागाहून जेवणाऱ्या सुनेच्या पानांत रोज भाजी पडूं लागली, तर तेवढी जमीन व तेवढे श्रम सत्कारणीं लागले असें समजावें.