फ्रिजच्या बाजू का तापतात?

प्रश्न : तरसालीला आम्ही नवा फ्लॅट घेतला. मॉड्यूलर किचन करताना मिस्त्रींनी फ्रिजसाठी इतकं मापात कपाट केलं, की कडेला बोटही शिरत नाही. दिसतं छान, पण फ्रिजच्या बाजू चांगल्याच तापतात. सासूबाईंच्या जुन्या फ्रिजचं असं कधी झालं नाही. आमचा फ्रिज बिघडलेला आहे का? आता हॉब घ्यायचा आहे, तोही असाच मापात बसवावा का?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : फ्रिज ठणठणीत असावा, घोळ कपाटात आहे. सासूबाईंच्या फ्रिजच्या पाठीला काळ्या नळ्यांची जाळी असणार. दिवाळीच्या साफसफाईत फ्रिज पुढे ओढला की जळमटांसकट दिसायची, तीच. आतल्या दूध-भाजीतून शोषलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णता त्या जाळीतून खोलीत जायची. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये याच नळ्या बाजूच्या पत्र्याआडून फिरवलेल्या असतात. पाठ सपाट झाली, जाळीचं काम बाजूंकडे आलं. म्हणजे बाजू गरम लागणं हे फ्रिज चालू असल्याचंच लक्षण.

मात्र त्या बाजूंना प्लायवुड भिडलं की ही उष्णता तिथेच कोंडते. मग कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, बिल वाढतं, आणि मे महिन्यात बडोद्याचा पारा 40 अंशांच्या वर गेला की फ्रिजची दमछाक होते. कॅटलॉगमध्ये कपाटात गडप झालेला जो फ्रिज दिसतो त्याची जातच वेगळी. त्याच्यासाठी खालच्या स्कर्टिंगच्या जाळीतून हवा आत येते, पाठीमागून चढते आणि वरून बाहेर पडते, अशी वाटच कपाटात ठेवलेली असते. आपण घेतो तो सुटा फ्रिज. त्याला किती जागा सोडायची ते सोबतच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो, पण दोन्ही बाजूंना आणि मागे निदान 5 सेंटिमीटर आणि वर त्याहून जास्त मोकळं असलेलं बरं. फ्रिज भिंतीलगत असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. दार नुसतं काटकोनात उघडून चालत नाही, त्याहून जास्त उघडलं तरच भाजीचा ट्रे पुरता बाहेर येतो.

झालेलं कपाट मोडायची गरज नाही. वरची फळी आणि मागचा प्लाय काढून टाका, शक्य असेल तर एका बाजूची फळीही. प्लगही फ्रिजच्या पाठीमागे अडकला असेल, तर तो शेजारच्या कपाटात हाताशी आणून घ्या.

आता हॉब. शेगडी ही ओट्यावर ठेवायची वस्तू होती, उद्या बदलली तरी ओट्याला त्याचं सुखदुःख नसे. हॉबसाठी मात्र ग्रॅनाइट कापावं लागतं, आणि कापलेलं ग्रॅनाइट पुन्हा जुळत नाही. म्हणून आधी हॉब विकत घ्या, खोका घरी येऊ द्या, आणि त्यातल्या कागदी साच्यावरूनच मिस्त्रींना आखू द्या. ‘तीन बर्नरचं माप मला पाठ आहे’ असं ते म्हणाले तरी ऐकू नका, प्रत्येक कंपनीचं भोक वेगळं. ओटा 60 सेंटिमीटर खोल आणि भोक 48चं असेल, तर पुढे-मागे जेमतेम सहा-सहा सेंटिमीटरची पट्टी उरते. भोकाचे कोपरे टोकदार काटकोनात कापले की तडा तिथूनच जातो, म्हणून कोपरे गोलसर करायला सांगा. त्या पट्टीला खालून आधार हवा, नाहीतर भरलेला कुकर आदळला की संपलं.

हॉबखालच्या ट्रॉलीत आणि हॉबच्या तळात अंतर ठेवा, मध्ये एक फळी टाका. काही हॉब जळायला लागणारी हवा खालूनही ओढतात. कपाट गच्च बंद असेल तर ज्योत पिवळी पडते आणि भांड्यांची बुडं काळी होतात.

तुमच्याकडे पाइपचा गॅस आहे की सिलिंडर, ते लिहिलेलं नाही. बडोद्यात घरोघरी नळाने गॅस द्यायला महापालिकेने 1972 सालीच सुरुवात केली. देशात हे फार लवकर झालं, पण म्हणून दुकानातला हॉब त्या गॅससाठी तयार असेलच असं नाही. दोन्ही गॅसचे जेट वेगळे. पाइपच्या गॅसचं भोक मोठं असतं, कारण तेवढ्याच आकारमानात त्याची उष्णता कमी असते. जेट कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या. कपाटाला जाळी पाडतानाही हा फरक ध्यानात ठेवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो, त्याला जाळी तळाशी हवी. पाइपचा गॅस हलका, त्याला वरच्या बाजूला. मिस्त्री बहुधा शटरच्या मधोमध, दिसायला बरी म्हणून जाळी लावतात, ती दोन्हींच्या उपयोगाची नाही.

आणि गॅसचा कॉक ट्रॉलीच्या मागे दडवू देऊ नका. ट्रॉली न काढता, एका हाताने बंद करता आला पाहिजे. मिस्त्री घरात असतानाच एकदा बंद करून बघा.