वर्गणीचा हिशोब ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला वर्गणी कोण देणार?

प्रश्न : वाडीच्या शिमग्याच्या वर्गणीचा हिशोब ठेवायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पावत्या, थकबाकी, मुंबईकर मंडळींची यादी, सगळं त्यात आहे. आता आजूबाजूच्या गावांतली मंडळंही तो वापरतात. फुकट दिलाय आणि फुकटच ठेवायचाय. पण संध्याकाळी नोकरीवरून घरी आलो की मदतीसाठी फोन सुरू होतात. वापरणाऱ्यांकडे पैसे मागावेत का? मागितले तर लोक देतात का?
— एक वाचक, पोफळी (ता. चिपळूण)

उत्तर : जरूर मागा. लोक देतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत आणि मोघम मागितलं तरी देत नाहीत.

या मार्गाने पहिल्यांदा गेलेल्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतले ‘जिम बटन’. आयबीएममध्ये नोकरी करताना 1982 साली त्यांनी ‘पीसी-फाइल’ हा माहिती साठवण्याचा प्रोग्रॅम फ्लॉपीवर वाटला आणि त्यातच विनंती घातली : खुशाल दुसऱ्यांना द्या, उपयोगी पडला तर 10 डॉलर पाठवा. पैसे इतके येऊ लागले की पुढे त्यांनी नोकरी सोडली. ‘ब्लेंडर’ हा त्रिमितीय चित्रांचा प्रोग्रॅमही असाच तगला. त्यामागची कंपनी बंद पडल्यावर 2002 मध्ये टॉन रोझेंडाल यांनी सरळ सांगितलं की 1 लाख युरो जमले, तर हक्क सोडवून कोड सगळ्यांना खुला करता येईल. सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. रक्कम ठरलेली होती आणि पैसे दिल्यावर काय होणार तेही ठरलेलं होतं, हे त्यातलं मर्म.

आपल्याकडेही हे नवं नाही. अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंडा’साठी माणशी वर्षाला एक पैसा मागितला, लोकमान्य टिळकांनी ती कल्पना उचलून धरली आणि त्या पैशांतून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तुमच्या शेजारच्या संगमेश्वरात शाळेच्या नावात आजही ‘पैसा फंड’ आहे.

आता तुमच्या प्रोग्रॅमकडे येऊ. मागणी पहिल्या स्क्रीनवर ठेवू नका. खजिनदाराचा वर्षाचा जमाखर्च जुळला, छापायची कळ दाबली, की तिथे चार ओळी दिसू द्या : यंदा नव्या फोनसाठी बदल, बॅकअपची दुरुस्ती आणि सर्व्हरचं भाडं यांसाठी एवढे रुपये लागतील, आतापर्यंत एवढे जमले, मंडळाला जमत असेल तर एवढे द्यावेत. खाली यूपीआयचा क्यूआर कोड. आणि मंडळाच्या नावाची पावती लगेच हातात पडली पाहिजे. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. खजिनदार मनाने कितीही मोठा असला तरी त्याला सभेत खर्च वाचून दाखवायचा असतो. पावती नसली तर द्यायची इच्छा असूनही त्याचा हात आखडतो. मागणी वर्षातून एकदाच करा. मंडळांचा कारभार वर्षावर चालतो, दरमहा दहा-वीस रुपये कुणाच्या लक्षात राहणार नाहीत. वर्षअखेरीस तुमचा स्वतःचा जमाखर्चही सगळ्यांना दाखवा.

एवढ्याने घर चालेल का? बहुधा नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून खुपते. इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरांची सुरक्षा ज्याच्यावर अवलंबून होती त्या ‘ओपनएसएसएल’ या मोफत प्रोग्रॅमला देणग्यांतून वर्षाला जेमतेम 2,000 डॉलर मिळत होते. 2014 मध्ये त्यातली ‘हार्टब्लीड’ ही गंभीर चूक उघडकीस आली, तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांनी पैसे काढले. म्हणून वर्गणीवर सर्व्हरचं भाडं आणि सुट्टीच्या दिवसांची मेहनत भागवा; संध्याकाळच्या फोनचे मात्र वेगळे पैसे घ्या. मुंबईत ऋषभ मेहता यांनी सुरू केलेलं ‘ईआरपीनेक्स्ट’ हे व्यवसायाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर याच रीतीने उभं राहिलं. कोड कुणालाही मोफत, पण तो कंपनीच्या सर्व्हरवर चालवून हवा असेल किंवा मदत हवी असेल तर शुल्क. तुम्हीही मदतीचा वार्षिक दर ठेवा. ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी दोन-तीन जाणत्या खजिनदारांना इतरांच्या शंका सोडवायला सांगा. त्यांची ही मदतही वर्गणीच आहे.

जाहिराती मात्र घेऊ नका. तुमच्या यादीत गावच्या माणसांची नावं, फोन नंबर, कुणाची किती बाकी हे सगळं आहे. ते जाहिरातवाल्यांच्या जवळपासही जाता कामा नये.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. तुम्ही नोंदणीकृत धर्मादाय संस्था नाही, त्यामुळे देणाऱ्याला 80जीची करसवलत मिळत नाही. पावतीवर तसं छापा. आलेली रक्कम तुमच्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवा, त्यासाठी चिपळुणातल्या एखाद्या सीएला एकदा भेटा.

दुसरं, कोड मुक्त परवान्याखाली खुला करा. झेरोधा या शेअर दलाली कंपनीने 2024 मध्ये अशा खुल्या प्रकल्पांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा ‘फ्लॉस फंड’ सुरू केला. त्यातलं अनुदान किमान 10,000 डॉलरचं आणि बरंच पसरलेल्या कामांसाठी असतं, म्हणजे तुम्हाला आज ते मिळणं अवघड. तरी कोड खुला हवाच. उद्या तुमची बदली झाली किंवा तुम्ही थकलात तर दुसरं कुणी तो पुढे नेऊ शकेल, आणि हे कळलं की मंडळंही जास्त भरवशाने पैसे देतील.