अक्कलदाढ काढल्याने नजर जात नाही

गेल्या पावसाळ्यात, लावणी ऐन भरात असताना, टोकावड्याच्या बाजूचा एक तेवीस वर्षांचा मुलगा आईला घेऊन दवाखान्यात आला. उजवा जबडा सुजून टम्म, मान एका अंगाला कललेली, लाळ गिळता येत नव्हती म्हणून तोंडाला रुमाल. "आ कर" म्हटलं तर दातांच्या फटीत माझं एक बोटही जाईना. दुखणं सुरू होऊन आठ दिवस झाले होते. या आठ दिवसांत मेडिकलमधून सुट्या गोळ्या, गालावर भाजलेल्या मिठाच्या पुरचुंडीचा शेक, दाढेत तंबाखूची चिमूट आणि शेवटी मोबाइलवर बघून चेचलेला लसूण, एवढं सगळं करून झालं होतं. दाढ मात्र कुणालाच दाखवली नव्हती. आणि आई खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, दाढ काढू नका. नजर जाते. आमच्या जाऊबाईंची गेली."

मुरबाड-शहापूरकडच्या जवळपास प्रत्येक घरात अशी एक जाऊबाई किंवा एखादा मामा असतोच. म्हणून ही गोष्ट एकदा नीट सांगतो. डोळ्याने दिसतं ते ज्या नसेमुळे, ती डोळ्याच्या मागून थेट मेंदूकडे जाते. दातांच्या संवेदना वाहणारी नस पूर्णपणे वेगळी. अक्कलदाढ ठणकली की कानात, कानशिलात, कधी डोळ्याच्या मागेही कळ जाते, कारण चेहऱ्याच्या त्या भागांना संवेदना देणाऱ्या शाखा एकाच नसेच्या आहेत. दुखणं डोळ्यापर्यंत पोचतं म्हणून दाढेची मुळं डोळ्यापर्यंत गेलेली नसतात.

मग जाऊबाईंना दिसेनासं कशाने झालं? मी त्यांचं वय विचारलं. बेचाळीस. या वयात जवळचं अंधूक दिसायला लागतं, आपण चष्म्यालाच चाळिशी म्हणतो. दाढा किडून काढायची वेळही बऱ्याच जणांवर याच सुमाराला येते, आणि एकाचं खापर दुसऱ्यावर फुटतं. पण मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. मधुमेह हिरड्याही पोखरतो आणि डोळ्याचा पडदाही. ज्या बाईचे दात हलू लागलेत आणि नजरही उतरतेय, तिची रक्तातली साखर कुणीतरी तपासली आहे का? जाऊबाईंची तपासलेली नव्हती. दाढेला दोष देऊन घरातले मोकळे झाले आणि खरा आजार राहून गेला.

अक्कलदाढ साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षी येते. जबड्यात जागा उरलेली नसली की ती आडवी, तिरकी किंवा अर्धीच वर येते आणि तिच्यावर हिरडीचा एक पदर राहतो. त्या पदराखाली भाकरीचे कण, सुकटीचे बारीक काटे अडकतात, तिथे ब्रश पोचत नाही, जंतू वाढतात आणि हिरडी सुजते. दोन गोळ्यांनी सूज ओसरते, माणूस कामाला लागतो, पदर तिथेच राहतो. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मधल्या काळात तिरकी दाढ पुढच्या चांगल्या दाढेला टेकून तिलाही मागून किडवते. मग एकीच्या भीतीपायी दोन दाढा जातात.

आता उपायांचं. बाहेरून गरम शेक देऊ नका. आत पू असेल तर तो त्वचेकडे सरकतो, गाल फुटतो आणि जन्मभराचा व्रण राहतो. तंबाखू, चुना, लसूण, ठेचलेली गोळी यांनी हिरडी भाजते. पांढरी पडलेली, सोललेली हिरडी मी दर आठवड्याला बघतो. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडून दाखवणारे अजून फिरतात. निखाऱ्यावर बी तडकतं आणि आतला पांढरा गाभा बाहेर पडतो, तोच किडा म्हणून तुम्हाला दाखवतात. दातात किडा नसतो, हे पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली ग्रंथात लिहून ठेवलंय. तरी या खोट्या किड्यांपायी आजही पैसे मोजले जातात, याचा मला मनापासून राग येतो. आणि अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या खाऊन बरं वाटताच सोडून देणं तर सगळ्यात वाईट.

घाबरूनही जाऊ नका. प्रत्येक अक्कलदाढ काढावी लागत नाही. सरळ आलेली, साफ राहणारी, त्रास न देणारी दाढ खुशाल राहू द्या. हिरडी नुसती हुळहुळत असेल तर कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा भरा, चालतील, पण एक-दोन दिवसच, दाखवायला येईपर्यंत. काढायचं ठरलं तर आधी एक्स-रे काढतो, कारण खालच्या दाढेची मुळं कधीकधी ओठाला संवेदना देणाऱ्या नसेजवळ असतात. ओठ काही काळ, क्वचित कायमचाही, बधिर राहू शकतो. खरा धोका हा आहे, तो मी आधीच सांगतो. काढल्यावर एक दिवस थुंकणं, चुळा आणि तंबाखू बंद. रक्ताची गुठळी निघाली की तिसऱ्या दिवशी असा ठणका लागतो की माणूस रात्रभर बसून काढतो.

तरुण मुलांना आणखी एक सांगायचंय. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी खिशात पुडी सापडते. तोंड हळूहळू उघडेनासं झालं, तिखट झोंबायला लागलं, तर "अक्कलदाढ येतेय" म्हणून गप्प बसू नका. सुपारीने गालाच्या आतली कातडी आखडते आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. गालातली जखम दाढ घासून झाली असं वाटलं, तरी पंधरा दिवसांत भरली नाही तर दाखवलीच पाहिजे.

त्या मुलाला मी त्याच संध्याकाळी मोठ्या रुग्णालयात पाठवलं. जबड्याखाली चीर देऊन पू काढावा लागला, आणि सूज उतरल्यावर दाढ. दोन्ही डोळ्यांनी त्याला स्वच्छ दिसतं, हनुवटीखालचा व्रण मात्र राहिला. लावणीचे दिवस वाचवायला थांबला आणि सगळी लावणी बुडाली. आणखी एक-दोन दिवस काढले असते तर काय झालं असतं, ते त्याच्या आईला सांगायला मला जड गेलं.

दाढ दुखत असेल तर तर्जनी आणि मधलं बोट एकावर एक ठेवून दातांच्या मध्ये घालून बघा. दोन्ही आत जात नसतील, ताप असेल किंवा जबड्याखाली सूज असेल, तर त्याच दिवशी दंतवैद्याकडे या. गिळता येत नसेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा श्वास लागत असेल, तर माझ्याकडेही येऊ नका. १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.