सी.डी.४ चा आकडा का वाढत नाही?

एच.आय.व्ही. रक्तातील सी.डी.४ पेशी मारतो, हिपॅटायटिस सी यकृत पोखरतो. दूषित सुईतून दोन्ही एकाच देहात शिरतात. मणिपुरात सुईने नशा घेणाऱ्या तरुणांत असे फार घडले. २०१३ नंतर आलेल्या सोफोसबुव्हिरसारख्या गोळ्यांनी हिपॅटायटिस सी बहुधा १२ आठवड्यांत बरा होतो. मग सी.डी.४ झपाट्याने वाढतील, अशी रुग्णाची आशा असते. बहुतेकांत आकडा फारसा हलत नाही. यकृत आधीच निबर झाले असेल, तर फुगलेली प्लीहा पेशी अडवून धरते, त्यानेही तो कमी दिसतो. तरीही निराशा अनाठायी वाटते. यकृताची सूज उतरते, कर्करोगाचा धोका घटतो, हा लाभ थोडा नव्हे. सी.डी.४ सांभाळतात त्या एच.आय.व्ही.च्या रोजच्या गोळ्या. त्या जन्मभर घ्यायच्या. आणि बरा झालेला हिपॅटायटिस सी दूषित सुईने पुन्हा होऊ शकतो.