आधी आण्णांच्या फायली

नेपियर टाऊन, जबलपूर
जानेवारी २०२६

चि. ओंकार,

काल वहिनी बोलता बोलता म्हणाली की तू पुण्याहून फोनवर चिऊला कॉम्प्युटरमध्ये काहीबाही टाईप करायला लावतोस, आणि येत्या रविवारी ‘जुनं सगळं उडवून नवं डेबियन’ घालायचा बेत आहे. मला रात्रभर झोप नाही. अरे, त्या डब्यात आण्णांनी टाईप केलेली नर्मदा परिक्रमेची वही आहे! चिऊ दहावीतली पोर. कुठलं फोल्डर ठेवायचं नि कुठलं टाकायचं, हे तिनं फोन कानाला लावून ठरवायचं?

तू म्हणशील, खमरियाच्या फॅक्टरीतून रिटायर झालेल्या काकाला लिनक्समधलं काय कळतं. रिलीज नोट्स वाचल्यात मी, चष्मा लावून. आपलं डेबियन ११ आहे. ११ वरून थेट १३ वर जायचं नसतं, मध्ये १२ चा मुक्काम करावाच लागतो. शिवाय २०२१ मध्ये दोनच जीबी रॅम आहे म्हणून तू ३२ बिटचं घातलं होतंस, विसरलास का? ऑगस्ट २०२५ मध्ये १३ आलं, त्यात ३२ बिटच्या साध्या पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही नि कर्नलही नाही. प्रोसेसर आपला ६४ बिट चालवतो, तेही पाहिलं मी. पण मग सगळं नव्यानं घालणं आलं, म्हणजे डिस्क पुसणं आलं. वहिनी ऐकून सांगत होती ते खरंच होतं तर!

आणि घाई कसली? ११ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑगस्ट २०२६ पर्यंत मिळणार आहेत. नर्मदा जयंतीला तू येतोच आहेस. तोवर चिऊनं एका कळेला हात लावायचा नाही, मी तिला बजावलंय. आपल्या यूपीएसची बॅटरी दोन मिनिटं टिकत नाही. पॅकेजं बसत असताना लाइट गेली, की यंत्र अर्धं इकडचं नि अर्धं तिकडचं.

आता वहीचं. नुसत्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या म्हणजे झालं, असं समजू नकोस. आण्णांनी सगळं कृतिदेव फॉन्टमध्ये टाईप केलंय. त्यात अक्षरं देवनागरी दिसतात, पण फाइलीत आत इंग्रजीच अक्षरं साठवलेली असतात. फॉन्ट गेला की ‘नर्मदा’च्या जागी यू, ई, झेड, एन, के असं दिसतं. काल चिऊनं तीच फाइल तिच्या मोबाइलवर उघडून दाखवली. पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा, मध्येच एखादा कंस. पोटात गोळा आला माझ्या. तू बसवलेला तो फॉन्ट ‘डॉट फॉन्ट्स’ फोल्डरात आहे. नावाआधी टिंब असल्यामुळे ते फोल्डर एरवी दिसत नाही, कंट्रोल आणि एच दाबल्यावरच दिसतं. तेही उचल. दोन प्रती कर, दोन वेगळ्या जागी ठेव, आणि दुसऱ्याच यंत्रावर उघडून मला दाखव. मग युनिकोडमध्ये बदलून घे हवं तर. पण रफार नि ऱ्हस्व वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, तेव्हा मूळ फायली टाकायच्या नाहीत.

खरेदीची यादीही कळली. बोर्ड, प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, तेही हप्त्यांवर! एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलल्या नि रॅमचे भाव आभाळाला भिडले, हे तुला पुण्यात कुणी सांगितलं नाही का? बोर्ड बदलला की आपली डीडीआर३ ची पट्टी बाद, नव्या बोर्डात तिची खाचसुद्धा जुळत नाही. त्यापेक्षा आधी एक एसएसडी बसव. जयंती कॉम्प्लेक्समध्ये जाऊन भाव करू. जुनी हार्ड डिस्क काढून माझ्या कपाटात जशीच्या तशी ठेवायची. ती पुसायची नाही म्हणजे नाही. म्हणजे वहीही राहील.

आण्णा रात्री दोन बोटांनी टाईप करत बसायचे, तेव्हा मी सेकंड शिफ्ट करून यायचो. “ग्वारीघाटाचं झालंय, बघ जरा,” म्हणायचे. “रविवारी वाचतो,” म्हणायचो मी. रविवारी ओव्हरटाइम असायचा, किंवा मी तो मागून घ्यायचो. अजून त्या वहीतलं पहिलं प्रकरणसुद्धा मी पुरतं वाचलेलं नाही. घरात तुझ्याखेरीज हे कुणाला माहीत नाही, नि तुलाही आजच सांगतोय.

जास्त बोललो, वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांच्यासाठी कृतिदेव शोधून बसवणारा तूच होतास. शेवटच्या वर्षी पडदाभर मोठी अक्षरं करून दिलीस, तेव्हा ते मला म्हणाले होते, “ओंकारला माझं दिसणं कळतं, तुम्हाला नाही.” तेव्हा मला लागलं होतं ते. आता बरं वाटतं.

एसएसडीचे पैसे मी देणार, वाद नको. वहिनी म्हणते तू मेसचं जेवण सोडून रात्री वडापाववर भागवतोस. थंडी फार आहे इथं, स्वेटर घालून गाडीत बस. स्टेशनवर मी येईन. येताना कमानिया गेटला थांबून खव्याची जिलेबी घेऊ, चिऊनं आत्तापासून सांगून ठेवलंय. कॉम्प्युटरचं दुसऱ्या दिवशी बघू, जेवून झोप काढ आधी.

तुझा,
काका