फाट्यावरचा हिशेब : कमी भाड्यात जास्त गावे कशी जोडावीत

कापडाच्या भावात मीटरमागे चार आणे सोडवण्यासाठी आपण तासभर घासाघीस करतो, पण भाडे टेंपोवाला सांगेल ते देतो. नफा तिथेच गळतो.

समजा, अहमदपूरच्या ठोक व्यापाऱ्याला चाकूर आणि उदगीरला गाठी पाठवायच्या आहेत. दोन्ही रस्ते शिरूर ताजबंदवरून जातात. हिशेबासाठी अंतरे गोल धरू : शिरूरपासून अहमदपूर १५ किलोमीटर, चाकूर २०, उदगीर ३५. मग अहमदपूर-चाकूर ३५, अहमदपूर-उदगीर ५० आणि शिरूरमार्गे चाकूर-उदगीर ५५. गणितवाल्यांची सोपी रीत अशी : सर्वांत आखूड जोडणी आधी घ्या, मग त्याहून लांब; जिने फेरा पूर्ण होतो ती सोडा. ३५ आणि ५० घेतले, ५५ सोडले. बेरीज ८५. अमेरिकेच्या क्रुस्कल यांनी ही रीत १९५६ साली मांडली.

आता शिरूरला आपले गिऱ्हाईक नसले तरी ते गाव वहीत घ्या. एकच गाडी शिरूरपर्यंत न्या आणि तिथे गाठी वेगळ्या करा. १५, २० आणि ३५ मिळून ७०. अहमदपूर-शिरूर हा तुकडा आपण दोनदा मोजत होतो! किलोमीटरला २० रुपये धरले तर ३०० रुपये वाचले. मात्र शिरूरची हमाली आणि माल राखणाऱ्या माणसाची मजुरी त्यातून वजा करा. ती २०० झाली तरी फायदा आहे, ३५० झाली तर नाही. गाडीने फिरून घरी परतायचे असेल तर तो हिशेबच निराळा.

अशा जादा घेतलेल्या ठिकाणाला स्विस गणिती स्टायनर यांचे नाव आहे. आपल्या रेल्वेत असे ठिकाण म्हणजे लातूर रोड. लातूर, उदगीर किंवा परळीसारखी पेठ तिथे नाही, पण तिन्हींकडचे रूळ तिथे मिळतात. मोकळ्या माळावर एकमेकांपासून ६० किलोमीटरवर तीन गावे असतील तर दोन सरळ रस्त्यांना १२० किलोमीटर लागतात, मधल्या बिंदूतून फक्त १०४. आपण रस्ते बांधत नाही, तेव्हा आहेत तेच फाटे तपासायचे.

फाटे वाढले की डोके चक्रावते. १० फाट्यांपैकी कोणते घ्यायचे, कोणते सोडायचे याच्या १,०२४ तऱ्हा होतात, २० फाट्यांच्या दहा लाखांवर. हा प्रश्न कठीण वर्गातला आहे हे कार्प यांनी १९७२ साली दाखवले. सर्व आकारांना पुरेल अशी झटपट अचूक रीत आजही कोणाला सापडलेली नाही. वरच्या सोप्या रीतीचा खर्च मात्र उत्तम उत्तराच्या दुपटीपर्यंत कधी जात नाही. म्हणून आम्ही आधी तीच मांडतो, मग एकेक फाटा घालून बेरीज उतरते का पाहतो. गिऱ्हाईक नसलेले गाव टोकाला उरले तर ते खोडून टाकतो.

एक धोका आहे. आखूड जाळ्यात फेरा नसतो, त्यामुळे एक पूल बुडाला की पलीकडची सारी गावे तुटतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पूर आला, तेव्हा पावसाळ्यात एकाच रस्त्यावर विसंबणे किती महागात पडते ते साऱ्यांनी पाहिले. उधारीची मोठी वसुली ज्या गावी अडकलेली असते, तिथला दुसरा रस्ता लांबचा असला तरी त्याचे भाडे मृगापूर्वीच ठरवून वहीत लिहून ठेवावे. पाणी चढल्यावर टेंपोवाला कोणता भाव सांगेल ते आपल्या हाती नसते.