देवा, मला नाही झेपत

आजचं वाचन : गीता, अध्याय २, श्लोक ७

इथे अर्जुन कबूल करतो की त्याला काहीच सुचत नाहीये, आणि कृष्णाला शरण जातो. उपदेश सुरू होतो तो त्यानंतरच, अकराव्या श्लोकापासून.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या गुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) दृष्टी तान्हेपणीच गेली. ते ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचून घ्यायचे आणि स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची लेक म्हणवायचे. आधार घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

मला वाटतो. अकोल्यात बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी रिपोर्ट, पैसे, डबा सगळं मी एकट्यानेच धरून बसलो होतो. रात्री दवाखान्याच्या पायरीवर रडू फुटलं. 'देवा, मला नाही झेपत,' एवढंच म्हणालो आणि ताईला फोन लावला. सकाळी ती अमरावतीहून आली.

मित्रांनो, आज कोणती गोष्ट तुम्ही अजून मुठीत धरून आहात?